जरा डावीकडे वळवा

मंडळी, फ्लॅट विकणाऱ्या एजंटांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. दार उघडतं, मागे पियानो वाजायला लागतो, कॅमेरा तरंगत तरंगत हॉलमधून बाल्कनीत जातो आणि समोर सूर्यास्त! गेले दोन विकांत मी हेच पाहण्यात घालवले (हापिसात याला रिसर्च म्हणतात). माझ्यातल्या इंजिनिअरला एकच गोष्ट सारखी खटकत होती. कॅमेरा कुठे वळणार हे मला ठरवता येत नाही. मला बाथरूमची खिडकी बघायचीय आणि एजंटसाहेब मॉड्युलर किचन दाखवतायत.

गंमत म्हणजे, घर दुरून बघायच्या तंत्राची सुरुवात झाली तेव्हा वळायचं कुठे हे बघणाराच ठरवत होता. मग स्टिअरिंग त्याच्या हातातून गेलं कसं?

गोष्ट सुरू होते १९७८ साली. एमआयटीच्या आर्किटेक्चर मशीन ग्रुपने कोलोरॅडोमधलं अ‍ॅस्पेन हे गाव रस्ता न् रस्ता चित्रित करायला घेतलं. गाडीच्या टपावर चार दिशांना चार कॅमेरे आणि मागे ओढत नेलेलं एक सायकलचं चाक. त्या चाकाने अंतर मोजायचं आणि दर १० फुटांना फोटो काढायचा. सावल्या बदलू नयेत म्हणून काम फक्त सकाळी १० ते दुपारी २. हे सगळे फोटो लेझरडिस्कवर चढवले. मग टचस्क्रीनसमोर बसलेला माणूस गावात हवा तसा फिरायचा, चौकात हवं तिकडे वळायचा, काही इमारतींच्या आतसुद्धा शिरायचा. पैसा अमेरिकन संरक्षण खात्याच्या 'डार्पा'चा. अनोळखी जागा सैनिकांना आधीच ओळखीची व्हावी, हा त्यामागचा विचार. घरं विकण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

पुढे १९९५ च्या सुमारास अ‍ॅपलचं क्विकटाइम व्हीआर आलं. खोलीच्या मधोमध उभं राहून गोल फिरत फोटो काढायचे, ते एकमेकांना शिवायचे आणि माऊसने ओढत चारी बाजूंना बघायचं. दारावर क्लिक केलं की पुढची खोली. अमेरिकेतल्या एजंटांना हे चांगलंच आवडलं. घरांच्या 'व्हर्च्युअल टूर' बनवणारी बांबू डॉट कॉम ही कंपनी १९९९ साली शेअर बाजारातही उतरली आणि २००० च्या सुरुवातीला दुसऱ्या एका कंपनीत विलीन होऊन 'आयपिक्स' झाली. ही दुसरी कंपनी मूळची टेनेसीमधली, दूरनियंत्रित यंत्रमानवांच्या धंद्यातली. फिशआय लेन्सने काढलेले दोन फोटो जोडून अख्खा गोल उभा करायचा, ही तिची खासियत.

आता प्रश्न असा की तेव्हा सरळ व्हिडिओच का नाही टाकला? कॅमकॉर्डर तर घरोघरी होते. उत्तर साध्या गणितात आहे. डायल-अपचा वेग फार तर ५६ केबीपीएस. ३०० केबीचा एक पॅनोरमा उतरायला पाऊण मिनिट. तीन मिनिटांचा अगदी सुमार, ३०० केबीपीएसचा व्हिडिओ उतरायला १६ मिनिटं! तेवढ्यात गिऱ्हाईक जेवून येईल. म्हणून एकच फोटो पाठवायचा आणि फिरवायचं काम बघणाऱ्यावर सोडायचं. म्हणजे गिऱ्हाईकाला मिळालेलं स्वातंत्र्य ही कोणाची मेहेरबानी नव्हती, तर ती बँडविड्थची टंचाई होती.

टंचाई संपली आणि चक्र उलटं फिरलं. २००५ मध्ये यूट्यूब आलं. व्हिडिओ ठेवायचा खर्च शून्य आणि कोडच्या दोन ओळी चिकटवल्या की तो एजंटच्या स्वतःच्या साईटवर हजर. आयपिक्सने २००६ साली दिवाळं काढलं. एजंटसाठी व्हिडिओ नुसता स्वस्त नव्हता, तर तो जास्त कामाचाही होता. पॅनोरमात गिऱ्हाईक छताकडे बघतं आणि ओल शोधतं. व्हिडिओत ते तुम्ही दाखवाल तेच, तुम्ही दाखवाल त्या क्रमाने आणि तुमच्या आवाजात बघतं. वर वाइड अँगल लेन्स लावली की १० बाय १० ची खोली दिवाणखान्यासारखी दिसते.

मग कॅमेरा उडायला लागला. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने जानेवारी २०१५ मध्ये धंद्यासाठी ड्रोन उडवायची खास परवानगी अ‍ॅरिझोनातल्या टक्सनच्या एका रिअल इस्टेट एजंटला दिली. ऑगस्ट २०१६ पासून सर्वांसाठी नियम आले आणि प्रत्येक बंगला आकाशातून दिसायला लागला.

स्टिअरिंग परत द्यायचा प्रयत्नही झाला. २०११ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या मॅटरपोर्टने खोलीची खोली मोजणारा (कोटी अनवधानाने झाली!) कॅमेरा आणला. त्यात घर बाहुलीघरासारखं उचलून बघता येतं आणि भिंती मोजताही येतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये असल्या टूरना जोर आला. पण मॅटरपोर्टला आधी घर बांधून तयार असावं लागतं.

आणि इथे आपण येतो पुण्या-मुंबईकडे. अमेरिकन एजंटचा व्हिडिओ बहुतेक वेळा उभ्या असलेल्या घराचा असतो. आपल्याकडे खड्डा खणायच्या आधीच बुकिंग सुरू होतं, म्हणून व्हिडिओ असतो संगणकावर रंगवलेल्या घराचा. तिथे कॅमेराच नाही तर तो वळवणार कुठून? 'कलाकाराची कल्पना' ही अक्षरं कोपऱ्यात दोन सेकंद चमकून जातात, बस्स.

न झालेली गोष्ट दाखवून विकणं जुनंच आहे म्हणा. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात हंफ्री रेप्टन नावाचा बागांचा रचनाकार होता. तो जमीनदारांना लाल कातडी बांधणीच्या वह्यांत चित्रं काढून द्यायचा. चित्रावर एक झडप असायची. झडप मिटलेली असताना आजची ओसाड जागा दिसायची, उचलली की उद्याची बाग. त्यालाही गिऱ्हाईक पटवायचंच होतं, पण त्याच्या चित्रात 'आज' दिसायचा. आपल्या व्हिडिओतून नेमकी तीच झडप गायब आहे.

माझा कॉलेजातला एक मित्र न्यू जर्सीत असतो. त्याला अशाच एका व्हिडिओवरून एक फ्लॅट पसंत पडला होता, टोकन पाठवायचंच बाकी होतं. मी रविवारी साईटवर जाऊन त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल लावला. समोरची टेकडी अगदी व्हिडिओतल्यासारखी. तो म्हणाला, "आता जरा डावीकडे वळव." डावीकडे हाय टेन्शन लाईनचा मनोरा! व्हिडिओ खोटा नव्हता, फक्त डावीकडे वळत नव्हता. मित्राने टोकन पाठवलं नाही. सव्वाशे डॉलरच्या फोनवर अ‍ॅस्पेनचा प्रयोग झाला म्हणायचा.

आता कायद्याचं थोडं, कारण प्रश्न वीस वर्षांच्या हप्त्यांचा आहे. २०१६ चा रेरा कायदा जाहिरातीची व्याख्या करताना माध्यम बघत नाही. कुठल्याही माध्यमातली प्रसिद्धी म्हणजे जाहिरातच. कलम १२ म्हणतं की जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅटवर विसंबून तुम्ही पैसे भरलेत आणि त्यातली माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याज आणि भरपाईसह परत. एजंटचीही नोंदणी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केलाय. तो स्कॅन केला की महारेराकडे नोंदवलेली प्रकल्पाची माहिती समोर येते.

म्हणजे तो पियानोवाला व्हिडिओ उद्या तुमचा पुरावा होऊ शकतो. पण एजंटने तो उडवला तर तुमच्याकडे काय उरणार? म्हणून माझा सल्ला असा की आवडलेला व्हिडिओ तारखेसकट उतरवून ठेवा, क्यूआर कोड स्कॅन करून मंजूर नकाशा आणि कार्पेट एरिया ताडून पाहा. आणि जागेवर जाणं जमत नसेल तर एजंटला थेट व्हिडिओ कॉल लावायला सांगा आणि वळायला सांगा. डावीकडे, उजवीकडे, मागे, वर छताकडे. तो वळला तर उत्तम. नाही वळला, तर तिकडे काय आहे हे आधी कोणालातरी बघून यायला सांगा, टोकनचं मग बघू. असो, पुढच्या विकांताला भेटूच.