खाजकुयली

खाजकुयली (शास्त्रीय नाव: म्युक्युना प्रुरिएन्स, कुल: फॅबेसी) ही शेंगावर्गीय, वर्षायू वेल आहे. तिला खाजकुहिली किंवा कुहिली असेही म्हणतात. संस्कृतमध्ये तिला कपिकच्छू, मर्कटी आणि आत्मगुप्ता अशी नावे आहेत. कच्छू म्हणजे खाज. आत्मगुप्ता, म्हणजे स्वतःचे रक्षण स्वतःच करणारी, हे नाव तिच्या स्वभावाला सर्वांत शोभणारे आहे. हिंदीत ती केवाँच किंवा कौंच होय.

कोकण व सह्याद्रीच्या पायथ्याशी ती विपुल आढळते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूला, रानाच्या कडेला आणि कुंपणांवर पावसाळ्यात ही वेल चढते. पान त्रिदल असते. फुले गडद जांभळी असून लोंबत्या मंजिरीत येतात. पावसाळा सरताना फुले धरतात व हिवाळ्यात शेंगा पक्व होतात. शेंग बोटाएवढी, इंग्रजी एस अक्षरासारखी किंचित वळलेली असते आणि तिच्यावर सोनेरी-तपकिरी केसांची दाट लव असते. शेंग सुकली की हे केस सहज सुटतात व वाऱ्याबरोबर उडतात. त्यामुळे वेलीला हात न लावता नुसते जवळून जाणाऱ्यालाही त्रास होऊ शकतो. गवत कापणारे, गुराखी व लाकूडफाटा गोळा करणाऱ्या स्त्रिया यांना तो विशेष होतो.

हे केस कुसळासारखे त्वचेत रुततात. त्यांत म्युक्युनेन नावाचे प्रथिनविघटक विकर असते. तेच त्वचेतील चेतातंतूंना उद्दीपित करते. ही खाज मुख्यतः हिस्टामिनमुळे होत नाही, म्हणून ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. याच वैशिष्ट्यामुळे खाजेचा अभ्यास करणारे संशोधक हे केस प्रयोगांत वापरतात.

उपाय

केस लागल्यास प्रथम चोळणे व खाजवणे टाळावे. त्याने केस आणखी खोल जातात व पसरतात. चिकटपट्टी हलकेच लावून काढल्यास बरेच केस निघून येतात. त्यानंतर साबण-पाण्याने धुवावे. अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत. खेड्यांत शेण किंवा राख लावण्याचा प्रघात आहे. राखेने केस निघण्यास थोडी मदत होत असेलही. पण खाजवून सोललेल्या कातडीवर शेण लावल्यास जंतुसंसर्गाचा, धनुर्वाताचाही, धोका असतो. केस डोळ्यांत गेल्यास डोळे न चोळता स्वच्छ पाण्याने धुऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे. वर्गातील बाकावर ही लव टाकण्याची खोडी शाळकरी मुले पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. डोळ्यांचा हा धोका पाहता ती थट्टा म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

उपयोग

आयुर्वेदात बिया बल्य व वाजीकर मानल्या जातात. वापरापूर्वी त्या दुधात शिजवून टरफले काढतात. १९३७ साली दामोदरन व रामस्वामी यांनी बियांतून लेव्होडोपा वेगळे केले. पुढे हेच द्रव्य कंपवाताचे प्रमुख औषध ठरले. मात्र बियांतील त्याचे प्रमाण कमी-अधिक असते. म्हणून कंपवाताच्या रुग्णाने, विशेषतः आधीच लेव्होडोपा घेत असल्यास, बियांचे चूर्ण वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये.

या वेलीचा 'युटिलिस' हा लागवडीचा प्रकार खाजरा नसतो. तो हिरवळीचे खत व चारा म्हणून पेरतात.