मस्टँग पी-५१डी : मोठी रेडिओनियंत्रित प्रतिकृती

दुसऱ्या महायुद्धातील पी-५१डी मस्टँग या अमेरिकी लढाऊ विमानाची, लाकडी भागांच्या किटमधून हाताने बांधलेली आणि जमिनीवरून रेडिओसंदेशांनी उडवली जाणारी प्रमाणबद्ध प्रतिकृती. अमेरिकेतील इंटरनॅशनल मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशनच्या व्याख्येप्रमाणे एकपंखी विमानाचा पंखविस्तार किमान ८० इंच (२०३ सेंमी.) किंवा द्विपंखी विमानाचा किमान ६० इंच (१५२ सेंमी.) असेल, तर ती प्रतिकृती ‘मोठी’ ठरते. मूळ विमानाच्या एक-चतुर्थांश किंवा त्याहून मोठी प्रतिकृतीही या वर्गात बसते. टॉप फ्लाइट या अमेरिकी कंपनीच्या पी-५१डी किटचा पंखविस्तार ८४.५ इंच (सु. २.१५ मी.) आहे. मूळ विमानाचा ११.२८ मी. होता, म्हणजे प्रमाण १ : ५.२५ पडते. पुढील आकडे याच प्रमाणाला धरून आहेत.

मूळ विमान : नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीने ब्रिटिशांच्या मागणीवरून हे विमान तयार केले. पहिला नमुना २६ ऑक्टोबर १९४० रोजी उडाला. आधीच्या अ‍ॅलिसन इंजिनाच्या जागी रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन आले आणि विमानाचा कायापालट झाला. डी या आवृत्तीला पॅकार्ड कंपनीने अमेरिकेत बनवलेले मर्लिन आणि सर्व बाजूंनी दिसेल अशी फुगीर पारदर्शक कॅनोपी होती. भारतभूमीशीही या विमानाचा संबंध आहे. १९४४ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या एअर कमांडो गटाची पी-५१ए मस्टँग आसाममधील हैलाकांडीच्या धावपट्टीवरून ब्रह्मदेशात जात. त्यांच्या धडावर पाच तिरपे पांढरे पट्टे असत. ए आवृत्तीची प्रतिकृती करणाऱ्याला याहून देखणी रंगसंगती शोधावी लागणार नाही.

प्रतिकृतीसाठी मस्टँग निवडण्यामागे रूपाइतकेच व्यवहाराचे कारण आहे. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाची चाके धडाजवळ बिजागरलेली आणि एकमेकांच्या जवळ. जमिनीवर ते विमान डुलते. मस्टँगच्या दोन चाकांतील अंतर सुमारे ३.६ मी. होते, प्रतिकृतीत ते ६९ सेंमी. येते. गवताच्या मैदानावर हे अंतर फार उपयोगी पडते.

वजनाचे गणित : लांबी ५.२५ पट कमी केली, की क्षेत्रफळ सुमारे २७.५ पटींनी आणि घनफळ सुमारे १४५ पटींनी कमी होते. मूळ विमान भरलेल्या स्थितीत सुमारे ४,१७५ किग्रॅ. होते. त्या हिशेबाने प्रतिकृती २९ किग्रॅ. भरायला हवी, प्रत्यक्षात नीट बांधलेली प्रतिकृती १० किग्रॅ.च्या आसपास असते, आणि म्हणूनच ती छोट्या मैदानात संथपणे उतरू शकते. विमान हवेत तरून राहण्याचा किमान वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वजन १० टक्के वाढले, तर हा वेग सुमारे ५ टक्के वाढतो आणि उतरतानाची गतिज ऊर्जा २१ टक्के. तो जास्तीचा भार चाकांच्या खिळ्यांवर आणि पंखातल्या प्लायवूडवर येतो. बांधणारा प्रत्येक टप्प्यावर वजनकाटा जवळ ठेवतो तो यासाठी. सर्वांत महाग पडते ते शेपटीतले वजन. तिथे चढलेल्या एका ग्रॅमला तोलण्यासाठी नाकात दोन-तीन ग्रॅम शिसे भरावे लागते.

बांधणी : मुख्य लाकूड बाल्सा. ऑक्रोमा पिरॅमिडेल या झाडाचे हे लाकूड मुख्यतः इक्वादोरमधून येते; त्याची घनता साधारण १०० ते २०० किग्रॅ. प्रति घ.मी. असते. एकाच गठ्ठ्यातल्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक पडू शकतो, म्हणून किट उघडल्यावर पहिले काम फळ्या तोलून वेगळ्या करण्याचे. हलक्या शेपटीसाठी, जड आणि कडक स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईसाठी. इंजिनाची भिंत, चाकांचे आधार आणि पंख धडाला जिथे बोल्टने आवळला जातो ती जागा, येथे मात्र प्लायवूड आणि इपॉक्सीच लागते.

शेपटीचे भाग लहान असल्याने त्यांच्यापासून सुरुवात होते आणि हात बसतो. पंख हा खरा कसोटीचा भाग आहे. रिबच्या (पंखाच्या बरगड्यांच्या) खालच्या बाजूस तात्पुरत्या खुट्या ठेवलेल्या असतात. त्या सपाट फळीवर टेकल्या, की पंखाचा आकार आपोआप सरळ उभा राहतो. खुट्या कापण्याआधी वरचे आवरण चिकटलेले असावेच लागते, नाहीतर सांगाडा पिळवटतो. टोकाकडे पंखाचा पुढचा काठ मुद्दाम किंचित खाली झुकवतात. या पिळामुळे वेग कमी झाल्यावर पंखाचे टोक आधी हवेवरची पकड सोडत नाही. हा पीळ दोन्ही बाजूंना अगदी सारखा हवा. एका बाजूला जास्त झाला, तर उतरताना विमान एका कुशीवर कलते आणि तो दोष रंगाने झाकला तरी उडताना उघडा पडतो.

आवरणासाठी बाल्साच्या पातळ पट्ट्या कडेला कड जोडून मोठे पत्रे करतात. हे जोड पांढऱ्या सुतारी गोंदाने करावेत. सायनोअ‍ॅक्रिलेट झटपट चिकटतो, पण वाळल्यावर लाकडापेक्षा कितीतरी कडक होतो. घासताना लाकूड झिजते, गोंदाची रेघ उंच राहते आणि ती शेवटच्या रंगातूनही दिसते. पत्रे पंखावर चढवण्यापूर्वीच सपाट फळीवर घासून घ्यावेत. नंतर रिबवर घासले, तर रिबच्या मधला भाग खोल जातो आणि पंख उपाशी जनावरासारखा बरगड्या दाखवू लागतो.

धडाच्या पोटाखालचा शीतकाचा भोंगा हे मस्टँगचे व्यक्तिमत्त्व. तो आणि पंखाच्या सांध्यावरचा वळणदार भराव यांवर सर्वांत जास्त वेळ जातो, आणि जावाच. इंजिन बहुधा पेट्रोलवर चालणारे दोन धक्क्यांचे असते, जपानच्या झेनोआ कंपनीचे जी-६२ (६२ घ.सेंमी.) अशा विमानांत वर्षानुवर्षे वापरले गेले. सुकाणू, फ्लॅप वगैरे हलवणारी सर्वो यंत्रे, बॅटऱ्या आणि चाके आत ओढणारी यंत्रणा यांच्या जागा ठरवण्यापूर्वी गुरुत्वमध्य तपासतात. बॅटरी हेच उपयोगी शिसे आहे. ती नाकाजवळ बसवली, तर निव्वळ ओझे भरण्याची वेळ येत नाही.

पृष्ठभाग : तयार लाकडावर प्रति चौ.मी. सुमारे २५ ग्रॅम वजनाचे फायबरग्लासचे कापड पातळ इपॉक्सीने बसवतात. जुन्या प्लास्टिक कार्डाने किंवा रबरी पात्याने राळ ओढून काढायची. कापड ओले दिसले पाहिजे, चमकता कामा नये. चमकणारी राळ म्हणजे फुकटचे वजन. या आकाराच्या विमानाचे पृष्ठफळ तीनएक चौ.मी. भरते, तेव्हा कापड ७५ ग्रॅमच्या आसपास लागते. वजन वाढते ते राळ, लांबी (पुटी) आणि प्रायमर यांच्याने. लांबी भरून प्रायमर मारल्यावर तो पाण्याच्या पॉलिश पेपरने जवळपास सगळा घासून काढतात. खळग्यात उरतो तेवढाच कामाचा. आपल्याकडे पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळतात. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट तवंग येतो आणि लॅकर पांढरट पडते.

मूळ विमानाच्या धातूच्या पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघांसाठी अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद पट्टी चिकटवून त्यावर प्रायमर फवारतात, पट्टी दिसेपर्यंत घासतात आणि ओढून काढतात; मागे बारीक खाच उरते. उठावाचे रिव्हेट सुईच्या टोकातून सोडलेल्या गोंदाच्या थेंबांनी, तर सपाट रिव्हेट पितळी नळीचे टोक किंचित दाबून उमटवतात. धडावर असे हजारो ठसे लागतात.

मस्टँगच्या बाबतीत बहुतेक चुका नेमक्या इथेच होतात. मूळ विमानाचे धड उघड्या अ‍ॅल्युमिनियमचे असले, तरी पंख तसा नव्हता. त्याचा छेद हवेचा प्रवाह शक्य तितका न विस्कटता सरकावा असा होता. त्यासाठी कारखान्यात पंखाच्या पुढच्या सुमारे ४० टक्के भागातील रिव्हेट आणि सांधे लांबीने बुजवत, घासत आणि वर रुपेरी लॅकर मारत. म्हणून युद्धकालीन मस्टँगचा पंख धडापेक्षा मंद आणि एकसंध दिसतो. प्रतिकृतीच्या पंखावर रिव्हेटच्या रांगा टोचून त्याला आरशासारखा चकचकीत पत्रा लावणे म्हणजे कष्टाने केलेली चूक. आज प्रदर्शनांत उडणारी पुनर्बांधणी केलेली मस्टँग चकाकतात, आणि पुष्कळ बांधणारे त्यांचीच छायाचित्रे समोर ठेवतात. १९४४-४५ ची कृष्णधवल छायाचित्रे अधिक विश्वासाची. धडासाठी चिकट अ‍ॅल्युमिनियम फॉइल किंवा पातळ छपाईचा पत्रा वापरतात. प्रत्येक तुकडा वेगळ्या दिशेने हलका घासला, की शेजारचे पत्रे वेगळ्या छटेचे दिसू लागतात. सुकाणू कापडी आवरणाचे होते, त्यामुळे त्याला धातूची चमक देऊ नये.

जून १९४४ मधील नॉर्मंडीच्या आक्रमणाचे काळे-पांढरे पट्टे एकइंजिनी विमानांवर १८ इंच रुंदीचे होते. प्रतिकृतीत ते ८.७ सेंमी. येतात. अनेक तळांवर ते आदल्या रात्री घाईघाईने ब्रशने ओढले गेले. कडा किंचित हलत्या ठेवल्या, तर त्या रात्रीची घाई दिसते. पट्टी लावून कापल्यासारख्या काटेकोर कडा खोट्या वाटतात. उभ्या विमानात हायड्रॉलिक दाब उतरल्यावर चाकांची आतली दारे खाली लोंबत आणि पंखाच्या मागच्या काठाचे फ्लॅपही सैल पडत. एवढे तपशील सांभाळले, तर जमिनीवर उभी असलेली प्रतिकृतीही नुकतीच परतलेली वाटते. शेवटी मंद चमकीचा दोन घटकांचा पॉलियुरेथेन क्लिअर देतात. आधी एका तुकड्यावर पेट्रोलचा बोळा फिरवून तो टिकतो का ते पाहावे.

उड्डाण : इंजिनाचा वेग हळूहळू वाढवत उजवे सुकाणू देऊन विमान धावपट्टीच्या रेषेत ठेवतात, एकदम पूर्ण थ्रॉटल दिल्यास ते डावीकडे खेचले जाते. मूळचा चार पात्यांचा पंखा फक्त प्रदर्शनाला लावतात. उडवताना दोन किंवा तीन पात्यांचा. उतरताना फ्लॅप अर्धे काढून, थोडा वेग राखून, पुढच्या दोन चाकांवर टेकावे आणि शेपूट आपोआप खाली येऊ द्यावे. तिन्ही चाके एकदम टेकवण्याच्या मोहात वेग फार घटतो आणि एका पंखाचे टोक खाली कलते.

नियम : एफएआय या हवाई क्रीडांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांतील एफ४सी वर्गात प्रतिकृती स्पर्धकाने स्वतः बांधलेली असावी लागते आणि तिच्या रूपाचे व उड्डाणाचे परीक्षण वेगवेगळे होते. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांत केवळ छंद, शिक्षण वा संशोधनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किग्रॅ.पर्यंतच्या प्रतिकृतींचा वेगळा उल्लेख आहे. १० किग्रॅ.ची मस्टँग त्यात बसते. परंतु विमानतळाजवळची आणि इतर निषिद्ध क्षेत्रे तिलाही लागू आहेत, म्हणून मैदान निवडताना अधिकृत नकाशा आधी पाहावा लागतो.