मुखपृष्ठ व सजावट

स्नेहमेळाव्याच्या समितीने स्मरणिकेसाठी विषय वाटून दिले, तेव्हा ‘आपल्या शाळेतील चित्रकला’ हा विषय माझ्या वाट्याला आला. कारण उघड होते. १९८६ साली दहावी झालेल्या आपल्या तुकडीतून चित्रकलेचा शिक्षक झालेला मी एकटाच. सातारा जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका शाळेत गेली तीस वर्षे मी मुलांना वस्तुचित्र आणि संकल्पचित्र शिकवतो आहे. इतिहास लिहायचा तर कागद हवेत, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत शाळेत गेलो. शिपाईमामांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवून दिली. वाळवीने बरेच खाल्ले होते. तरीही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या सरावाचे कागद, गॅदरिंगच्या पडद्याचे दोन कच्चे आराखडे आणि कापडी बांधणीची अकरा हस्तलिखिते हाती लागली.

चित्रकलेची आपली खोली आठवते ना? जिन्याखालची, उत्तरेला खिडकी असलेली. मधोमध स्टूल, त्यावर बादली, तांब्या आणि दोन वांगी. भोवती गोल करून आपण बसलेलो, मांडीवर ड्रॉइंग बोर्ड, त्याला चिमटा लावून पाव इंपीरियल आकाराचा, म्हणजे ११ बाय १५ इंचांचा कागद. सर मागून येत आणि एकच वाक्य म्हणत, “आधी बघा, मग काढा.”

या खोलीची मुळे फार मागे जातात. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली. तीच आजची सर ज. जी. कलाशाळा. इंग्रज सरकारला तेव्हा चित्रकारांपेक्षा कारागीर घडवण्याची निकड जास्त वाटत होती. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर अभ्यासक्रम आखले गेले. त्यांचा भर रेखाटन, भूमिती आणि नक्षी यांवर होता. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायला आले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील शिल्पपट्ट्या त्यांच्याच. इमारतीची कमान, कापडाचा काठ, दाराची चौकट सुंदर करणारा हात तयार करणे हा त्या शिक्षणाचा हेतू होता.

पुढे महाराष्ट्राचे कला संचालनालय १९६५ साली स्थापन झाले आणि शासकीय रेखाकला परीक्षा त्याच्याकडे आल्या. आपण त्या दिल्या तेव्हा प्रश्नपत्रिकेत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र यांच्या जोडीने संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखनही होते. चित्रकलेच्या परीक्षेत भूमिती कशाला, म्हणून आपण कुरकुर करायचो. चौरसात पानाफुलांची नक्षी बसवा, रंग सपाट लावा, डाग पडू देऊ नका, याचाही कंटाळा यायचा. त्या कंटाळ्याचे उत्तर वर सांगितलेल्या इतिहासात आहे. ती नक्षी आणि ती अक्षरे हीच या शिक्षणाची जुनी पायाभरणी. पण आपल्या मनात चित्र म्हणजे डोंगर, सूर्य, बाजार आणि पाणवठा. नक्षी आणि अक्षरे ही नुसती ‘सजावट’. या समजुतीमुळे एका मुलावर अन्याय झाला आणि तो मी केला. आपल्या चित्रकलेचा इतिहास मी लिहायचा तर तो प्रसंग गाळून लिहिता येणार नाही.

आपण नववीत, १९८४-८५ साली, एसटीने औंधला सहलीला गेलो होतो. यमाईच्या डोंगराच्या कुशीत श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारले. ते स्वतः चित्रकार होते, रामायणावरची त्यांची चित्रे पुस्तकरूपाने छापली गेली आहेत. राजा रविवर्मा आणि धुरंधरांची चित्रे आपण तिथे पहिल्यांदा पाहिली. हेन्री मूर यांचे आई आणि मुलाचे शिल्पही तिथे आहे. ते नेहमीच्या मूर्तीसारखे नाही, म्हणून आपण त्याच्यासमोर खिदळलो आणि सरांची बोलणी खाल्ली.

माझ्या शेजारी बसणारा माझा मित्र मात्र हसत नव्हता. तो कोरीवकामाच्या कपाटापुढे वहीच्या मागच्या पानावर एक वेल उतरवून घेत होता. वेल कुठे वळते, पान कुठे फुटते, तीच वळणे पुन्हा किती अंतराने येतात, हे तो बोटाने मोजत होता. बस सुटायची वेळ झाली तरी हलेना, म्हणून सरांनी मलाच त्याला ओढून आणायला पाठवले.

त्या वर्षीचे हस्तलिखित औंधच्या सहलीवर काढायचे ठरले. मुखपृष्ठावर यमाईचा डोंगर मी रंगवला. भोवतीची वेलीची किनार त्याची. आत सव्वीस लेख आणि कविता होत्या, त्या सव्वीसच्या सव्वीस शीर्षकांची अक्षरे त्याची. पोस्टर कलरच्या बाटल्या घेण्याची त्याच्या घरची ऐपत नव्हती. काळ्यासाठी काजळी आणि डिंक, तांबड्यासाठी गेरू, निळ्यासाठी कपड्यांची नीळ. बोरू तो स्वतः तासायचा. इंग्रजी टाकाच्या उलट बाजूने तिरपा कत मारल्याशिवाय देवनागरीची जाड-बारीक रेघ नीट उतरत नाही, हे मला त्याने शिकवले, आणि आज माझ्या विद्यार्थ्यांना ते मी माझेच ज्ञान असल्यासारखे सांगतो. तो आधी शिरोरेषा ओढत नसे. अक्षरे टांगून झाली की शेवटी एका दमात ती ओढायचा आणि म्हणायचा, “आता घर शाकारलं.”

दुसऱ्या सत्रात त्याचे वडील आजारी पडले आणि तो शाळेत यायचा बंद झाला. स्टँडजवळच्या एका पेंटरच्या दुकानात ट्रकच्या फळ्या आणि नंबरप्लेटी रंगवू लागला. हस्तलिखिताची अनुक्रमणिका लिहायचे काम माझ्याकडे आले. शेवटच्या ओळीत ‘मुखपृष्ठ व सजावट’ असे लिहिले आणि पुढे फक्त माझे नाव घातले. तो आता शाळेत नाही, मग त्याचे नाव कशाला, अशी मी मनाची समजूत घातली. खरे सांगायचे तर मुख्य काम डोंगराचे, म्हणजे माझे, असेच मला वाटत होते.

पुढचे आपल्याला आठवत असेल. तालुक्याच्या प्रदर्शनात आपले हस्तलिखित पहिले आले. परीक्षकांनी शेऱ्यात किनारीचे आणि अक्षरांचे कौतुक केले होते, डोंगराबद्दल एक शब्द नव्हता. प्रार्थनेच्या वेळी मला प्रशस्तिपत्र आणि रंगपेटी मिळाली. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या रंगांवर मी इंटरमिजिएट दिली, ‘अ’ श्रेणी मिळवली आणि पुढे कलाशिक्षक पदविकेला गेलो. घरी जाताना स्टँडवरून जावे लागे, म्हणून वर्षभर मी मागच्या गल्लीने जात होतो.

पेटीतले ते हस्तलिखित हाती आले आणि चाळीस वर्षांनी मी त्याच्या दुकानात गेलो. आता तिथे फ्लेक्स छापतात. त्याचा मुलगा संगणकावर बसतो. मी पिशवीतून हस्तलिखित काढून काउंटरवर ठेवले. त्याने पाने उलटली, चष्मा वर केला आणि एका शीर्षकावर बोट ठेवले. “हा ‘क्ष’ फसलाय बघ. रात्री दिव्यात काढला होता.”

मी अनुक्रमणिकेचे पान उघडून दाखवले. म्हणालो, “हे मी केलं.”

“माहीत आहे. तेव्हाच कळलं होतं.”

“राग नाही आला?”

“आला की. पण नावाचा कमी, त्या रंगपेटीचा जास्त. अरे, एकदा तरी उघडून दाखवायला आणायची होतीस. आत कोणते रंग होते, याचा मी दुकानात बसून विचार करायचो.”

मला उत्तर सुचले नाही. वहिनींनी चहा आणला, म्हणून बरे झाले.

त्याचे नाव या लेखात छापू का, असे विचारले, तर तो नको म्हणाला. “लेखात कशाला? ज्याचं काम त्याच्या खाली नाव असावं, तेवढं बस.” म्हणून इथे नाव नाही. तुम्ही त्याला ओळखले असेलच.

स्नेहमेळाव्याच्या दिवशी चित्रकलेच्या जुन्या खोलीत ही अकरा हस्तलिखिते, परीक्षेच्या सरावाचे कागद आणि पडद्यांचे आराखडे मांडणार आहोत. माझी सर्वांना विनंती आहे की ज्यांना जे ओळखू येईल त्यांनी ते सांगावे. पडद्यावरची कमान कोणी आखली, रांगोळीचे ठिपके कोणी मोजले, भित्तिपत्रकाचे मथळे कोणाचे, हे आपण हयात आहोत तोवरच कळणार. सर आता थकले आहेत, पण येणार आहेत. त्यांच्यासमोरच नावे लागू देत.

प्रदर्शनातल्या सगळ्या नावाच्या पाट्या माझा मित्र बोरूने लिहून देतो आहे. त्याच्या स्वतःच्या नावाची पाटी मात्र मी लिहिली आहे. शिरोरेषा थोडी वाकडी गेली आहे, समजून घ्यावे.