कोरायझा: शून्याआधीचे ९६ तास

हा घटनाक्रम कोणा एका शेतकऱ्याचा नाही. वेगवेगळ्या वयाचे पक्षी एकाच आवारात सांभाळणाऱ्या लेयर फार्मवर कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी, जसा पसरतो, तसा तो मांडला आहे. भर अंड्यावर आलेल्या शेडमध्ये पहिला सुजलेला चेहरा दिसतो, तो क्षण शून्य धरला आहे.

सोमवार, पहाटे ६. उरले ९६ तास.
सोळा आठवड्यांच्या तलंगा गाडीतून उतरतात. त्यांच्या शेडचं वायरिंग अपुरं आहे, म्हणून दोन-चार दिवसांसाठी जुन्या कोंबड्यांच्या शेडमधल्या रिकाम्या रांगा त्यांना मिळतात. जुन्या कोंबड्यांना थंडीत ‘सर्दी’ झाली होती, औषधाने गेली. सर्दी गेली, जंतू गेला नाही. कोरायझातून उठलेली कोंबडी ॲव्हिबॅक्टेरियम पॅरागॅलिनारम नाकात बाळगत राहते.

मंगळवार, संध्याकाळी ६. उरले ६० तास.
एक तलंग शिंकते. नाकपुडी ओली दिसते. सकाळी बघू, असं ठरतं.

बुधवार, सकाळी ६. उरले ४८ तास.
डोळ्यांखाली सूज, पापण्या चिकटलेल्या, खाद्य शिल्लक, आणि शेडच्या दारातच जाणवणारी कुजकट दुर्गंधी. अनुभवी माणूस वासावरूनच कोरायझा म्हणेल, आणि बहुतेक वेळा तो बरोबर ठरेल. पण घरघर आणि सूज मायकोप्लाझ्मातही दिसते, मानमोडीत आणि ब्राँकायटिसमध्येही. तुरा निळा पडून मरतुक एकाएकी वाढली तर मामला निराळाच, बर्ड फ्लूचा संशय: पशुसंवर्धन खात्याला ताबडतोब कळवायचं, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात.

नमुना घ्यायचा तर आत्ताच. नुकत्याच आजारी पडलेल्या दोन-तीन तलंगा निवडायच्या, डोळ्याखालची कातडी तापल्या पात्याने भाजून निर्जंतुक करायची, सायनस उघडून स्वॅब आत खोल फिरवायचा आणि बर्फात ठेवायचा. हे काम काही मिनिटांचं आहे. त्याआधी करायचं कामही साधंच: शेडचं दार बंद, तिथला माणूस, बूट, बादली वेगळी. त्यासाठी कुठल्याच रिपोर्टची वाट पाहावी लागत नाही.

सकाळी ८. उरले ४६ तास.
फोन जातो तो औषधाच्या दुकानात. दुपारच्या आत प्रतिजैविक त्या शेडच्या पाण्याच्या टाकीत पडतं. तोच कामगार तीच बादली घेऊन भर अंड्यावरच्या शेडमध्ये जातो.

दुपारी १२. उरले ४२ तास.
कोणीतरी मायकोप्लाझ्माचं किट आणतं. रक्तद्रवाच्या थेंबात रंगीत अँटिजेनचा थेंब मिसळला की दोन मिनिटांत गुठळ्या. ‘सीआरडी (मायकोप्लाझ्माचा जुनाट श्वसनविकार) निघाला!’ पण ही चाचणी प्रतिपिंड पाहते, आणि ते तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. म्हणजे गुठळ्या सांगतात त्या जुन्या संसर्गाबद्दल, कदाचित लशीबद्दलही. मंगळवारच्या शिंकेबद्दल त्या काहीच सांगू शकत नाहीत. जलद चाचणीवर माझा राग नाही. तिला कोणता प्रश्न विचारला हे विसरलं, की तिचा वेगच घात करतो.

गुरुवार, सकाळी ६. उरले २४ तास.
मरतुक जवळजवळ नाही, त्यामुळे धीर येतो. कोरायझा एकटा असेल तर फारसे पक्षी मारत नाही, अंडी मारतो: उत्पादनातली घट १० ते ४० टक्के. आजारी पक्षी पाणी कमी पितात, तेव्हा पाण्यातलं औषध ज्यांना हवं त्यांनाच सर्वात कमी पोचतं.

दुपारी १२. उरले १८ तास.
डॉक्टर येतात, सायनस उघडतात, आणि पाण्यात काय टाकलंय ते विचारून गप्प होतात. ब्लड अगारवर स्टॅफिलोकॉकसची रेष ओढून, तिच्याकडून मिळणाऱ्या एनएडी या वाढीला लागणाऱ्या घटकावर, कार्बन डायऑक्साइडच्या हवेत हा नाजूक जंतू २४ ते ४८ तासांत वाढवतात. औषध पोटात गेलेल्या पक्ष्यातून तो वाढेलच असं नाही. पीसीआरला जिवंत जंतू लागत नाही, डीएनए पुरतो. उत्तर काही तासांत. मात्र कोणतं औषध लागू पडेल, हे ठरवायला वाढवलेला जंतूच हवा. बुधवारी सकाळी दोन्ही हाती होतं.

रात्री ८. उरले १० तास.
बर्फाचा डबा पुण्याच्या वाटेला लागतो. औंधची प्रयोगशाळा सकाळी उघडेल.

शुक्रवार, सकाळी ६. शून्य.
भर अंड्यावरच्या शेडमध्ये तीन चेहरे सुजलेले. जंतू बुधवारच्या बादलीतून आला. पक्ष्याबाहेर तो फार काळ तग धरत नाही, पण एका शेडमधून दुसऱ्यात जायला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

दुपारी ३. शून्यानंतर ९ तास.
पीसीआर पॉझिटिव्ह. यंत्राने आपलं काम वेळेत केलं. आता लशीची चौकशी सुरू होते. पण ती पक्षी अंड्यावर येण्याआधी, काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा टोचायची असते, आणि सेरोव्हार (जंतूचा उपप्रकार) जुळला तरच उपयोगी. औषध दिलेल्या जुन्या कोंबड्यांच्या अंड्यांना, लेबलवर मुदत छापलेली नसेल तर, किमान ७ दिवस विक्रीबंदी. त्या शेडचे बुधवार-गुरुवारचे ट्रे मात्र व्यापाऱ्याच्या गाडीतून आधीच गेले आहेत.