साक्षीदार जिंकलेल्या बाजूचा आहे

साधारण १२६५ साली शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. उत्तर कोकणच्या शिलाहारांचा हा शेवटचा राजा. राजधानी ठाणे, म्हणजे आमच्या भिवंडीहून कशेळीचा पूल ओलांडला की आलंच. देवगिरीच्या महादेव यादवानं त्याच्यावर स्वारी केली आणि लढाई समुद्रावर गेली. महादेवाच्या रागाला सामोरं जाण्यापेक्षा समुद्रातला वडवानल त्याला बरा वाटला, अशा अर्थाचं वर्णन हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तल्या प्रशस्तीत आहे. आणि हेमाद्री कोण? महादेवाच्या दरबारातलाच मंत्री.

आता ही केस एखाद्या डिटेक्टिव्हच्या हातात द्या. घटनास्थळ समुद्र. मुख्य साक्षीदार जिंकलेल्या राजाच्या पगारावर. राजा लढता लढता बुडाला, पळताना बुडाला, की त्याला बुडवलं? प्रशस्ती लिहिणाऱ्याला या प्रश्नात रस नव्हता. त्याला मालकाचा दरारा दाखवायचा होता.

मध्ययुगात घडणाऱ्या रहस्यकादंबऱ्या मला खेचतात त्या इथेच. एलिस पीटर्सचा ब्रदर कॅडफेल बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मठाची औषधी बाग सांभाळतो आणि खुनांचा छडा लावतो. उंबेर्तो एकोच्या ‘द नेम ऑफ द रोज’मध्ये १३२७ साली इटलीतल्या एका मठात माणसं एकामागून एक मरत जातात. तिथे सीसीटीव्ही नाही, कॉल रेकॉर्ड नाहीत, बोटांचे ठसे नाहीत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रात्री दोनला सर्व्हर पडला तर आधी लॉग उघडतो; कुठल्या सेकंदाला काय झालं ते तिथे लिहिलेलं असतं. कॅडफेलकडे लॉग नाहीत. त्याच्याकडे आहेत झाडपाल्याची ओळख, माणसांची पारख आणि ‘हे तुला कसं कळलं?’ हा प्रश्न.

एकोच्या कादंबरीत आणखी एक माणूस येतो, चर्चचा न्यायाधीश बर्नार गी. हा इतिहासात खरोखर होऊन गेला. कादंबरीतल्या या बर्नारला पुराव्याची घाई नाही, कारण गुन्हेगार कोण ते त्याचं आधीच ठरलंय. खरी झुंज या दोघांत आहे: एक पुराव्यावरून निष्कर्षाकडे जातो, दुसरा निष्कर्ष खिशात घालूनच येतो.

सोमेश्वराच्या केसमध्ये दुसरा साक्षीदार शोधायचा तर बोरिवलीजवळच्या एक्सरला जावं लागतं. तिथल्या वीरगळांवर वल्ह्यांची जहाजं आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. काही अभ्यासकांच्या मते ती हीच लढाई. पण त्या दगडांवर नाव सांगणारा वाचता येण्याजोगा लेख नाही, त्यामुळे साक्षीदार समोर आहे आणि गप्प आहे.

माझ्या तालुक्यातले दगड मात्र बोलतात. लोनाडजवळच्या चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातला, शके ११६१ चा शिलालेख मिळाला. म्हणजे सोमेश्वराच्या अंताआधी पंचवीसेक वर्षं. कोकणातले असे लेख बहुधा जमिनीच्या किंवा गावाच्या दानाचे असतात. काहींवर गाढवाचं अश्लील शिल्पही असतं; दान मोडणाऱ्याला ती शिवी. त्या दगडांना गधेगाळ म्हणतात. मी त्यातून एवढंच काढतो की दानं मोडली जात असणार. कुणी मोडतच नसतं तर शिवी कोरायची गरज काय? कॅडफेलनंही असाच विचार केला असता.

हा वाचनाचा छंद भिवंडीत नुसता छंद राहत नाही. मे १९७० मध्ये इथे शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी दंगल पेटली, १९८४ मध्ये पुन्हा. १९७० च्या दंगलीनंतर न्यायमूर्ती मादन आयोगानं साक्षी नोंदवल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि अनेक खंडांचा अहवाल लिहिला. तो वाचायला वेळ लागतो. मध्ययुगात कुणी कुणावर काय अन्याय केला हे सांगणारा फॉरवर्ड वाचायला दहा सेकंद लागतात, आणि त्यात बर्नारसारखा निकाल तयारच असतो.

पुढच्या वेळी असा मेसेज आला की त्याला सोमेश्वराच्या केससारखं वागवून बघा. हे कुणी लिहिलं? तो कुणाच्या पगारावर होता? दुसरा साक्षीदार आहे का? उत्तर मिळेलच असं नाही. सोमेश्वराची फाइल साडेसातशे वर्षांनंतरही उघडीच आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत ती उघडी ठेवायला हरकत नाही.