तात्यांची मर्शिडी

आमच्या घरी मर्सिडीज होती असं मी सांगते, तेव्हा ऐकणारा आधी माझ्या चपलांकडे बघतो. पण होती हो, खरंच होती. फक्त तिच्या हौद्यात कांद्याची पोती भरायची आणि तिच्या टपावर आम्ही पोरं बसायचो.

तात्या, म्हणजे माझे आजोबा, तिला ‘मर्शिडी’ म्हणायचे. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपुरात मालट्रक तयार होऊ लागले. तो करार १९६९ पर्यंत चालला. त्या काळातल्या ट्रकांच्या नाकावर म्हणून तीन टोकांची चांदणी दिसते. आमची गाडी १२१०. तात्या त्या आकड्याची फोड करून सांगायचे: मालासकट बारा टन वजन, आणि दहा दाही शंभर घोडे. दहाचा पाढा मी असा शिकले.

गाडी घरी आली कशी, याच्या दोन गोष्टी आहेत. आज्जीच्या म्हणण्यानुसार तात्यांनी ती थेट जमशेदपूरहून चालवत आणली. तेव्हा कारखान्यातून नुसता सांगाडा मिळायचा. इंजिन, बॉनेट, चाकं, बस्स. ना केबिन, ना दार, ना हौदा. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसायचा, डोक्याला फडकं गुंडाळायचा आणि ऊनपावसात शेकडो मैल तुडवत यायचा. मग गावाकडचा सुतार सागवानी चौकट मारून केबिन बांधायचा. काकांचं म्हणणं वेगळं. गाडी साताऱ्यातल्या एका शेठची, जुनी, हप्त्याने घेतलेली. कागद काकांच्या बाजूने आहेत. पण थंडीत गोधडी पांघरून स्टिअरिंग धरलेले तात्या मला इतके स्वच्छ दिसतात, की कागदांना मी फारसं विचारत नाही.

त्यांचं ड्रायव्हर होणं तर त्याहून जुनं. लढाईच्या दिवसांत पेट्रोलवर रेशन आलं आणि लॉऱ्यांना कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या लागल्या. तात्या तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे, असल्याच एका लॉरीवर क्लीनर. पहाटे उठून कोळसा चाळायचा, भट्टी पेटवायची, पंखा फिरवत बसायचं. घाटात गाडीला दम लागला की उतारूंनी खाली उतरून धक्का द्यायचा. संध्याकाळी घरी आले की आईसुद्धा ओळखायची नाही म्हणे, फक्त दात दिसायचे. पुढे लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाड्या बाजारात आल्या, तेव्हा त्यांच्या हातात पहिल्यांदा स्टिअरिंग आलं. कुठल्या कंपनीची गाडी, ते त्यांनी नक्की सांगितलं होतं. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

तात्यांची केबिन म्हणजे दुसरं घर होतं. सीटमागे स्टो, ठेच्याची बरणी, पिठाचा डबा आणि पानाची चंची. मुंबईच्या फेरीत बोरघाटात शिंगरोबाच्या देवळापाशी नाणं टाकल्याशिवाय ते पुढे जात नसत. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो, असं सांगतात. “वाट दावनाऱ्याचं देनं ठेवू नये,” म्हणायचे. आणि कुठेही जेवायला थांबले तरी आधी रेडिएटरचं पाणी बघायचे, मगच भाकरी सोडायचे. आज्जी अजून कुरकुरते, “माज्याआधी तिला पानी.”

त्या पाण्यावरून आठवलं. १९७२ चा दुष्काळ मी पाहिलेला नाही, पण आमच्या घरात तो अजून संपलेला नाही. कोणी ताटात भात टाकला की आज्जी मिलोचं नाव काढते. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी; भाकरी लालभडक आणि गळ्याखाली न उतरणारी. दुष्काळी कामांवर सुकडी मिळायची, तिचं मात्र पोरांना अप्रूप होतं. तात्या कोरेगाव स्टेशनावरून मिलोची पोती भरायचे आणि वर्धनगडचा घाट चढून पुसेगाव, दहिवडीकडे न्यायचे. भरल्या गाडीने घाट चढताना पाणी उकळायचं. वर आलं की चाकाला उटी लावायची, इंजिन निवू द्यायचं, मग टोपणावर गोणपाट टाकून सांभाळून फिरवायचं. नाहीतर वाफेने हात भाजतो. रेडिएटरमध्ये ओतायला सीटखाली गोडेतेलाचे दोन डबे पाण्याने भरलेले असत. वाटेत पाणी मागायचं कुणाकडे? माणसांनाच नव्हतं.

एकदा घाटापलीकडे खडी फोडणाऱ्या बायकांनी गाडी थांबलेली पाहिली. पोती नव्हे, डबे पाहिले. तात्यांनी दोन्ही डबे दिले. पुढे काय झालं यावर आमच्यात अजून एकमत नाही. आज्जी म्हणते, गाडी रात्रभर उभी राहिली आणि पहाटेच्या गारव्यात तात्या हळूहळू निघाले. काका म्हणतात, तासाभरात टँकर आला. स्वतः तात्यांना विचारलं तर एवढंच, “गाडी तापली व्हती.”

तात्या गेले आणि मर्शिडी शेतातल्या लिंबाखाली उभी राहिली. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली, सापाने कात टाकली. भंगारवाला दरवर्षी दिवाळीआधी यायचा, आज्जी दरवर्षी त्याला चहा पाजून परत पाठवायची. चार वर्षांपूर्वी चुलतभावाच्या आणि माझ्या डोक्यात शिरलं, की ही चालू करायची. मिस्त्री शोधत शोधत एका चाचांपर्यंत पोचलो. सत्तरी ओलांडलेले, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे आणि मूठ कानाला, मग कुठलं बेअरिंग रडतंय ते सांगायचे.

पिस्टन सिलिंडरात धरले होते. चाचांनी त्यात डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं आणि आम्हाला घरी पाठवलं. “जोर लावायचा नाही. रुसलेल्या माणसाला ओढून उठवतात का?” सतराव्या दिवशी इंजिन बोटभर हललं, आणि आम्ही पेढे वाटले. सुटे भाग मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळाले, काही मिळालेच नाहीत, ते लेथवर करून घेतले. टायरमध्ये हवा भरताना चाचा आम्हाला लांब उभं करायचे. जुन्या रिमची लॉकिंग रिंग उडाली तर माणूस जागेवर राहत नाही.

रंगाचं तर भांडणच झालं. आज्जी म्हणे हिरवी, काका म्हणे निळी. चाचांनी दार घासलं, तर वर निळा, त्याखाली हिरवा, आणि सगळ्यात आत विटकरी. तो कुणालाच आठवेना. काका दोन दिवस गप्प होते.

कागदपत्रांची वेगळीच मजा. पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांची खास नोंदणी करायचे नियम २०२१ साली आले, पण ते खासगी दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी. आमच्या बाईला चाकं सहा, आणि जन्मभर भाड्याने राबलेली. म्हणून सध्या तिची सडक म्हणजे आमची पांद, घरापासून विहिरीपर्यंत. तेवढ्यातही डबल क्लच शिकताना माझा खांदा आठवडाभर दुखला. क्लच दाबा, न्यूट्रल करा, सोडा, आवाज ऐका, पुन्हा दाबा, मग गिअर. तात्या पोरांनाच शिकवायचे. मी टपावर बसून नुसता आवाज ऐकला होता. तो कान आता उपयोगी पडला.

मागच्या महिन्यात आज्जीला केबिनमध्ये बसवलं. तिघांनी मिळून चढवलं. इंजिन चालू झालं, केबिनच्या फळ्या थरथरल्या. मला वाटलं आज्जी रडेल. तिने सीटखाली हात घालून चाचपलं. तिथे एक चेपलेला डबा आम्हाला सापडला होता, तो मी मुद्दाम जागच्या जागी ठेवला होता.

“भरलास न्हाई व्हय?”

“अगं आज्जी, रेडिएटर काठोकाठ भरलाय. विहिरीपर्यंतच तर जायचंय.”

“तिला न्हाई गं. वाटंत कुनी मागितलं तर?”

मी डबा नळाखाली धरला. तळातून तीन धारा लागल्या. चाचांनी तो उलटा करून उजेडात बघितला आणि म्हणाले, डाग मारावा लागेल, उद्या करून देतो.

आज्जीने दाराला हात घातला. “मंग उद्याच जाऊ की,” म्हणाली, आणि उतरवायला आम्हा तिघांना हाक मारली.