तागडीत न मावणारी चांदी

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्या नाशकातल्या घरी चांदीची भांडी रिठ्याच्या पाण्यात पडत. निरांजन, पंचपात्री, तबक यांच्या मेळ्यात एक परका पाहुणा असे. तो म्हणजे एक डबा. त्याच्या झाकणावर चार पायांचा, मिशाळ सर्प वेटोळे घालून बसलेला होता. आजी त्यात सुपारी ठेवी आणि त्याला ‘शेषाचा डबा’ म्हणे. शेषाला पाय कुठले, असे आम्ही मुले दरवर्षी विचारीत असू, आणि दरवर्षी हातावर चकली ठेवून आम्हांला गप्प बसविण्यात येई.

डबा चिनी होता. पणजोबा मुंबईला एका पारशी पेढीवर कारकून होते; चीनशी व्यापार करणाऱ्या शेठजींनी तो त्यांना दिलेला. आजी गेल्यावर वाटणीसाठी मी आणि धाकटा भाऊ तो सराफबाजारात घेऊन गेलो. सराफांनी कसोटीवर घासून पाहिला. “चौदा तोळे भरतो. पण चांदी शेकडा नव्वदच. आटवून टाका, दोघांना सारखे होईल.”

डब्याच्या तळाशी रोमन लिपीत दोन अक्षरे आणि ९० हा आकडा होता. पुढे कळले की ती अक्षरे कँटन-हाँगकाँगच्या वांग हिंग पेढीची, आणि ९० म्हणजे शेकडा नव्वद चांदी. आमच्या कसोटीने चिनी पेढीची साक्ष खरी ठरविली होती!

चिनी चांदी आटविणे मुंबईला नवे नव्हते. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू आणि आपल्याकडचा कापूस मुंबईहून कँटनला जाई. मोबदल्यात सायसी नावाच्या चांदीच्या लगडी येत, आणि मुंबईच्या टांकसाळीत आटून त्यांचे रुपये पडत. चिनी सरकारने अफू रोखली, तेव्हा इंग्रजांनी १८३९ ते १८४२ युद्ध केले. चीनच्या व्यापारातल्या पैशामागे केवढे व्यसन उभे होते, हे वाचल्यावर चौदा तोळ्यांचा डबा हाताला जड लागू लागला.

मग तो जपावा कशासाठी? याचे उत्तर मला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मिळाले. सर रतन टाटा (१८७१–१९१८) यांनी हौसेने जमविलेल्या चिनी वस्तू तिथे आहेत. त्यांत जेडच्याही आहेत. हा दगड पोलादाच्या हत्याराला दाद देत नाही. त्याहून कठीण वाळूने घासून घासून त्याला आकार द्यावा लागतो. आपल्याकडच्या मोगल कारागिरांचे जेडकाम पाहून अठराव्या शतकातला चिनी सम्राट छ्येनलुंग इतका मोहित झाला, की त्याने त्यावर कविता रचल्या. दोन देशांमध्ये अफूखेरीज दुसरेही काही गेले-आले होते, याची ही साक्ष.

जेड आटत नाही, म्हणून पुष्कळदा वाचते. चांदीचा घात मात्र तिची किंमतच करते. तागडीत वजन उतरते. कारागिराचा हात उतरत नाही, आणि त्या व्यापाराचे पापही उतरत नाही. डबा आटला की दोन्ही पुसली जातात.

मी भावाला सात तोळ्यांचे पैसे दिले आणि डबा घरी आणला. दर दिवाळीला त्यात सुपारी असते. गेल्या वर्षी नातीने विचारले, “आजोबा, शेषाला पाय कसे?” मी तिच्या हातावर चकली ठेवली, आणि मग सगळी हकीकत सांगितली.